सोळा दिवसांची चार पिल्लं

मंगळवार, दिवेलागण

 

आमच्या फार्मवर डुकराची पिल्लं एकविसाव्या दिवशी आईपासून तोडतात. मला तेही लवकरच वाटतं, पण मालकांना, म्हणजे भाईंना, डुकरीण लगेच पुन्हा गाभण हवी असते. आज सकाळी मी खाद्य आणायला संगमेश्वरला गेलो होतो. तेवढ्यात भाईंनी खोलीच्या पाटीवरची विण्याची तारीख वाचून थोरल्या डुकरिणीची सगळी पिल्लं वेगळी काढली. त्यातली चार तिची नव्हतीच. तिच्यानंतर पाच दिवसांनी व्यायलेल्या दुसरीच्या पिल्लांना सड पुरेनात, म्हणून मीच ती थोरलीखाली लावली होती. म्हणजे वय सोळा दिवस. मी परतलो तेव्हा कोरडं खाद्य नुसतं हुंगून ती कोपऱ्यात एकमेकांवर पडली होती.

"भाई, ही जगायची नाहीत."

"मग पाळण्यात घाल. पाटी कोनी लिवलीन, मास्तर?"

मीच. डुकरिणीची तारीख लिहिली, या चौघांची नाही. चूक माझीच. पण इतकी वर्षं डुकरं पाळणाऱ्याला सोळा दिवसांचं पिल्लू बघून ओळखू येऊ नये? की ओळखलं, आणि तरीही तोडलं?

भाई घरी गेल्यावर पुन्हा गाभण राहावी म्हणून भाईंनी नराशेजारच्या खोलीत हलवलेल्या थोरलीला या चौघांजवळ परत आणली. कोणाला विचारलं नाही. ती आडवी झाली, तीन पिल्लं लगेच लागली. चौथ्याच्या तोंडात सड मी दिला. बऱ्याच वेळाने ते चोखू लागलं.

उद्या भाई ओरडतील. मला कामावरून काढायचं तर काढा म्हणेन, पण पाच दिवसांनी.