कोपऱ्यातला कुंटा आणि वरून येणारे पाणी

मी, प्रतिभा खुशाल दुर्गे, वनस्पतिशास्त्राची निवृत्त अधिव्याख्याती, राहणार बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. किडन्या थकल्या आहेत, डोके नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवले आहे.

कलम १. घर आणि कापसाचे वावर मुलगा हर्षदीप याला.

कलम २. वावराच्या खालच्या कोपऱ्यातले छोटे तळे, ज्याला आम्ही कुंटा म्हणतो, आणि माझा सूक्ष्मदर्शक पुतणी प्रीती हिला. कुंट्यात एक हिरवे शैवाल आहे: एकच पेशी, मध्ये बारीक कंबर, दोन्ही अर्धे तंतोतंत सारखे. प्रीती, नुसत्या आकारावरून नाव ठरवू नकोस. पाणी कसले, शैवाल कोणत्या पानांना धरून आहे, हे आधी बघ. खत उतरलेल्या पाण्यात हे टिकत नाही.

कलम ३. माझे जुने सहकारी भगवंतराव यांना काहीही देऊ नये. कुंट्यातले शैवाल तपासायला मी त्यांना बोलावले, तर बूट भिजतील म्हणून त्यांनी बांधावरूनच दोरीने बाटली सोडली, मधले पाणी घेतले आणि ‘विशेष काही आढळले नाही’ असे लिहून दिले. हे शैवाल पाणवनस्पतीला चिकटून असते. ती मुठीत पिळली तरच हाती लागते. हे ते स्वतः वर्गात शिकवत! त्या कागदापासून हर्षदीपला माझे बोलणे म्हातारीचे खूळ वाटते. मी त्यांना माफ केलेले नाही.

कलम ४. हर्षदीप बांधापर्यंत युरिया टाकतो. आता कुंटा हिरवागार दिसतो, पण ते शैवाल दुसरेच. परवा पाने पिळली, तर माझ्या शैवालाची बहुतेक रिकामी कवचेच दिसली. मला रडू आवरेना. तो म्हणाला, “आई, हिरवंच पायजे होतं ना तुले? मंग काऊन रडून राह्यली?”

कलम ५. कुंटा प्रीतीच्या नावे करता येतो, पण त्यात पाणी हर्षदीपच्या वावरातून उतरते. वकील म्हणतात, त्याच्या शेतीवर अशी अट घातली तर ती टिकणार नाही. म्हणून हा हुकूम नाही. हर्षदीप, बांधालगतच्या ओळींना खत घालू नकोस. तिथे बोंडे कमी लागतील, कळते मला. तरी मागते. तू नाही म्हणशील याची फार भीती वाटते.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचला. हर्षदीप दारात उभा होता. त्याने एवढेच विचारले, “हे शेवटलं कलम कायद्यानं लागू नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले, आणि सही करत आहे.

सही: प्रतिभा खुशाल दुर्गे
साक्षीदार: १. संतोष रामाजी कांबळे (सही) २. पद्मिनी सुधाकरराव देशपांडे (सही)
ठिकाण: बाजारहत्नूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४