डिझेलमधली हवा

रविवार, संध्याकाळ. कोलशेत.

हातांचा डिझेलचा वास जात नाहीये. जाऊ दे. पिकअप चालू झाली, आणि ती मी केली! सासरे वारल्यापासून दारात उभी होती. उद्या भंगारवाला न्यायला येणार होता. बिघाड एवढाच, की डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली. एवढ्यासाठी विकणार होतो आम्ही तिला? नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबत राहिले. ते बुडबुडे अजून डोळ्यांसमोर आहेत. मग सासूबाईंना म्हटलं, "आई, चावी फिरवा." आधी नुसती घरघरली, मग धूर सोडत धडधडायला लागली. भंगारवाल्याला लगेच फोन करून नको सांगितलं. आई मात्र स्टिअरिंग सोडेनात. म्हणाल्या, "मना बी शिकव गो चालवाला."