शंभर वर्षांची पुस्तिका, आणि तिला दिली!

३ फेब्रुवारी
तिला दिली! आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्या धाकट्या जावेला! चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली बाई. मी अठ्ठावीस वर्षं मंडळीची चिटणीस. प्रत्येक सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं. पाळक म्हणतात, "ताई, तुमच्यावर आधीच किती भार. आणि त्या लिहितात छान." छान! आयत्या बिळावर नागोबा.

हे म्हणाले, "अगं, घरातच राहिलं ना काम?" यांच्याशी बोलून उपयोग नाही.

४ फेब्रुवारी
अजून पोटात दुखतंय. औषध नाही त्यावर.

८ फेब्रुवारी
जाऊबाई वही-पेन घेऊन हजर. "ताई, तुम्हीच सांगा, मला काय कळतंय?" — अशी गोड बोलते, म्हणूनच सगळे पाघळतात. मीही पाघळले. सांगितलं सगळं. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत नऊ माणसं जमायची. बाकं नव्हती, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसायची. पहिले पाळक दिवसा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनी लोकांना आधी वाचायला शिकवलं, मग बायबलातलं वचन. कारण आपलं आपण वाचायचं, आपलं आपण ठरवायचं आणि मगच बाप्तिस्म्याला पाण्यात उतरून डोक्यापर्यंत बुडायचं, ही आपली रीत. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा नाही. बोलता बोलता मला रंग चढला आणि ती भराभर उतरवून घेतेय! तोंड माझं, नाव तिचं.

इतिवृत्तं दिली. बाप्तिस्म्याचं रजिस्टर नाही दिलं. "बांधणीला गेलंय," म्हटलं. कपाटात चादरींखाली आहे. का, ते माझं मला ठाऊक.

१५ फेब्रुवारी
उपासनेनंतर तिने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. प्रार्थना लांबली की शिंप्याची बायको पलीकडे मुद्दाम मशीन चालू करायची — मी सांगितलेलं! लोक पोट धरून हसले. शेवटी डोळेही पुसले. मंडळीतल्या नर्सबाई माझा हात धरून म्हणतात, "केवढी गुणी जाऊ मिळाली तुम्हाला!" मी म्हटलं, हो ना. तोंड कडू झालं.

खरं सांगू? सुंदर लिहिलंय. मला असं जमलं नसतं. एवढं लिहितानाही हात जड झालाय.

२० फेब्रुवारी
आज स्वयंपाकघरात येऊन विचारते, "रजिस्टर आलं का हो बांधून?" चोराच्या मनात चांदणं. हातातलं पातेलंच पडलं.

२४ फेब्रुवारी
जाऊ आली. दार लोटून घेतलं. आमच्या वेळच्या पाळकांच्या मुलीकडून तिला एक फोटो मिळालाय. नदीकाठ, बाप्तिस्म्याचा दिवस, आम्ही बारा जण. तिने बोट ठेवलं. "ताई, सगळ्यांचे केस ओले आहेत. तुमचे कोरडे."

सतरा वर्षांची होते. अंगात ताप, शाल पांघरून काठावर उभी. "पुढच्या वेळी उतर," पाळक म्हणाले. पण बारा नावं त्यांनी आदल्या दिवशीच रजिस्टरात लिहून ठेवली होती. आणि महिन्याभरात ते वारले. बाकी अकरा जणांना वाटलं, मागाहून झाला असेल; रजिस्टरात नाव आहे, म्हणजे झालाच! कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती खोटी नोंद पुस्तिकेत छापली जाऊ नये, म्हणून तर रजिस्टर चादरींखाली. आधी लाज वाटली, मग लग्न झालं, मग चिटणीस झाले. चव्वेचाळीस वर्षं! दर बाप्तिस्म्याला पाण्यातून वर येणाऱ्याला टॉवेल देते ती मीच. चार वर्षांपूर्वी ही वर आली ती हसत. पुस्तिकेचं काय घेऊन बसलेय — मी तेव्हापासून जळतेय तिच्यावर.

"मी कुणाला बोलणार नाही," म्हणाली. चांगुलपणाही हिच्याच वाट्याला!

१ मार्च
सभेत उठून सांगून टाकलं आणि बाप्तिस्मा मागितला. नियम म्हणजे नियम. बाप्तिस्मा मागणाऱ्याने बाहेर थांबायचं, आत सभासदांचं मतदान. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी व्हरांड्यात, आणि इतिवृत्त लिहायला ती. दार उघडून तीच आली. "ताई, सगळ्यांचे हात वर. पुढच्या रविवारी सकाळी." मग हळूच, "पाणी गार असतं हं."

मला काय माहीत!