निखिलच्या गाडीची पूजा

शारजा, शुक्रवार, मार्च २००३

चिरंजीव निखिल यांनी आज लाल अमेरिकन गाडी आणली. संस्कृत येतं म्हणून इथल्या रोल्ला भागातल्या मराठी घरांचा वाहनपुरोहित मीच. बातमीदारी फावल्या वेळात. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला.

सत्तरच्या दशकात तेल महागल्यावर या अमेरिकन गाड्यांचा देह तेवढा भीमाचा उरला, दम गेला, असं मीच एकदा छापलं होतं. आता म्हणे इंजिनात तीनशे घोड्यांची ताकद.

“बाबा, जस्ट वन राउंड!”

बसलो. इंजिन गरजलं, पाठ सीटला चिकटली. माझ्या आत काहीच हललं नाही. त्याची आई जाऊन वर्ष होईल. तेव्हापासून हे असंच. काहीच नाही. असंच राहणार का?

“वेल?” निखिलने विचारलं.

“छान आहे.”

“बाबा, यू सेड द सेम अबाउट माय बर्न्ट डाळ!”

म्हणालो होतो खरा.

मग त्याने मलाच चालवायला बसवलं. सगळे घोडे मी चाळीसच्या वेगाने हाकले. मागचा टॅक्सीवाला हॉर्न दाबून ओरडत होता, “यल्ला, हबीबी, यल्ला!” म्हणजे चल रे बाबा, चल. निखिल खदखदून हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला हसू आलं नाही. पण तो हसत होता तोवर मी वेग वाढवला नाही.