कुत्र्याचा मामा

माय,

धनगर आज सकाळी वखारीसमोरून मेंढरं घेऊन गेला आणि जाताना दोन पिल्लांतलं एक आपल्या दारी ठेवून गेला. एक नर होता, एक मादी. कोणतं ठेवायचं ते मला सांगायचं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी गेलेल्या माणसाला कोणी कागद लिहीत नाही, हे मला कळतं. पण गेले चार दिवस या घरात जेवढं बोलणं या दोन पिल्लांवरून झालं तेवढं कापसाच्या भावावरून झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं फारसं बोलणं पिल्लांचं नव्हतंच. बाहेर तोलासाठी गाड्या लागल्या आहेत, हमाल एकमेकांना शिव्या घालून राहिले आहेत. मुनीमजींना वाटतं, मालक मुंबईच्या पेढीला लिहीत बसले. वाटू दे.

तू हे अकोला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी अमरावतीत दुसऱ्याच्या दुकानी पोती शिवत होतो. आता समुद्रापलीकडं कोणाकोणाची लढाई लागली म्हणतात, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की कालपर्यंत अनवाणी फिरणारा कुणबी बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधून येतो. आगगाडीच्या सडकेचं मातीकाम चाललं आहे, तिथं रोज मजुरांचं नवं पाल उभं राहतं. या धांदलीत तुझ्या पोराचंही बरं झालं. मी गादीवर बसूनच ऐकतो. भरल्या गाडीचा आस कण्हतो, रिकामीचा खडखडतो, आणि वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलेलं असलं तर गाडी कण्हते पण बोजा हलल्याचा आवाज येत नाही. बाजारात म्हणतात, या माळ्याच्या पोराचे कान कुत्र्याचे आहेत. मी हसतो. त्यांना काय ठाऊक, लहानपणी मला याहून वरचढ नाव होतं.

अमरावतीच्या राजापेठ वेशीबाहेरचा आपला मळा मला अजून दिसतो. मेथीचे वाफे, मोटेची विहीर, आणि बांधावर पाय ताणून पडलेली आपली तांबडी कुत्री. बाप नव्हता, भाऊबंद ओळख देत नव्हते, म्हणून राखणीला तू ती आणली होतीस. ती व्याली की आळीतली पोरं घरोघर फिरून तेलगूळ मागत आणि तू तिला बाळंतिणीचा सांजा करून घालत असस. मग लोक पिल्लू मागायला कुंपणाशी येत. सारे नर मागत. नर पहिल्या दिवशीच संपत. माद्या उरत, आणि त्या तू टोपलीत भाजीवर बसवून परकोटाच्या आत, शहरात, नेत असस. ओसरीवरच्या पुरुषाला विचारायचं नाही, थेट मागल्या दारी बायांकडे जायचं. पिल्लाच्या कपाळाला हळद लावायची, तिच्या मायसाठी मूठभर ज्वारी मागून घ्यायची, आणि म्हणायचं, "लेक देऊन राहिली बाई, जपा." दुसऱ्या दिवसापासून त्या घराशी तुझं सोयरपण. "माई लेक कशी हाय वो?" असं म्हणत तू आत शिरायचीस आणि टोपली रिकामी करून बाहेर यायचीस. ती मादी वयात येऊन व्याली की घरातून सांगावा येई, माळीणबाई, तुमची लेक मोकळी झाली. तू सांजा घेऊन जायचीस, मी मागं. आणि आळीतली पोरं ओरडायची, "आला रे आला, कुत्र्याचा मामा आला!"

मी किती रडलो असेन त्या नावापायी. पण पुढं पोती शिवणं सोडून दलालीत उतरलो, तेव्हा मला ओळखत कोण होतं? एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर उभा होतो, तो मला हाकलायच्या बेतात, तेवढ्यात आतून त्याची म्हातारी माय डोकावली. "थांब, थांब. हा त आपल्या कुत्रीचा मामा!" सारा ओटा हसला. मीही हसलो. त्या हंगामाचा त्याचा सगळा कापूस माझ्या हातून गेला. लोक म्हणतात, हा माणूस स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. मी मान डोलावतो. खरं काय ते त्या म्हातारीला आणि मला माहीत.

आता लेकीचं सांगतो. तुझ्या नातीचं. नाकानं ती तुझ्यावर गेली आहे आणि हट्टानं कोणावरच नाही, कारण हट्ट तिला येतच नाही. मूर्तिजापुराकडं दिली. घर चांगलं होतं. मग या कापसानं त्यांच्या घरात एवढा पैसा ओतला की जावयानं दुसरी केली. भांडण नाही, तंटा नाही. जशी नवी बैलजोडी आणली तशी आणली. दसऱ्याला लेक माहेरी आली. तिला सोडायला आलेल्या गाडीचे चांदीचे घुंगरू मी गादीवरून ऐकले. चांदी पितळेसारखी खणखणत नाही, बसकी वाजते. ते घुंगरू दारात थांबले आणि लगेच उलटे फिरले. जावई ओट्यावर चढला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. दिवाळीला नेऊ म्हणाले होते. दिवाळी गेली, संक्रांत आली. आता निरोप आला आहे की सोमवारी तिचा चुलतसासरा येतो, पोरीला तयार ठेवा, दोघी नांदतील सुखानं. मी निरोप्याला जेवू घातलं आणि म्हटलं, "या म्हणावं." दुसरं काय म्हणणार होतो? त्यांच्या पंचक्रोशीतल्या गाड्या माझ्याच वखारीत उतरतात, आणि धाकट्या पोराच्या सोयरिकीचं बोलणं त्यांच्याच भावकीत चाललं आहे.

अशा वेळी त्या धनगराच्या कुत्रीची दोन पिल्लं अंगणात खेळायला लागली. आपल्याच पडीक वावरात मेंढ्या बसवल्या होत्या त्यानं, तिथंच ती व्याली. "शेटजी, एक तुमच्या दारी, एक आमच्या मेंढरामागं," तो म्हणाला. "नर घ्या का मादी घ्या." मी नर म्हणणारच होतो. तेवढ्यात पाहिलं तर मागल्या अंगणात लेक बसलेली, मादी तिच्या मांडीवर झोपलेली, आणि दसऱ्यापासून पहिल्यांदा ती कोणाशी तरी बोलत होती. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही. माझे कान असूनही मी तिथून सरकलो.

तुझी सून म्हणाली, "अवो, मादी घ्याची नाई बरं. वर्षातून दोनदा गल्लीभरची कुत्री दारात कीर्तन मांडतीन." मुनीमजी म्हणाले, "मालक, नर ठेवला त चौकीदार, मादी ठेवली त खटलं." सगळे हसले. पण दुपारी चुलीपाशी तुझी सून शेजारणीला खाली आवाजात म्हणाली ते मी ओसरीतून ऐकलं. "मादी आली का पोरीचा पाय अठीच गुतते. मंग सोमवारी थे जाते का?" ती वाईट नाही, माय. पोरगी गेल्यावर सगळ्यांत जास्त रडेल तीच. तिला भीती वाटते. मलाही वाटते.

काल संध्याकाळी लेक स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, नर घ्या. वखारीले नरच बरा." मी म्हटलं, "तुले त मादी आवडली न?" ती म्हणाली, "आवडून का करता? मी त सोमवारी चालली." आवाजात कंप नव्हता, ओल नव्हती. रिकाम्या गाडीसारखा खडखडत गेला. आणि आता जे लिहितो ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही: ते ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पोरीनं आपला गुंता आपणच सोडवला, आपल्यावर आलं नाही, असं वाटलं. सौदा पटला की दलालाला वाटतं तसं.

मग तू आठवलीस. टोपलीवाली नाही. विळा घेतलेली.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. परकोटातल्या एका सावकाराकडं दिलेली मादी एका सकाळी मळ्यात परत आली. मागला पाय उचलून धरून तीन पायांवर आली आणि तांबडीच्या शेजारी जाऊन पडली. लाकडानं मारलं होतं. तुला समजलं, तू हळद गरम करून तिच्या पायाला बांधलीस. दुपारी सावकाराचा माणूस दोरी घेऊन आला. "माळीणबाई, कुत्री द्या. दिलेली वस्तू वापस ठेवते का कोणी?" तू वाफ्यातून उठलीस, हातात विळा तसाच, आणि कुंपणाच्या तोंडाशी उभी राहिलीस. "दिली व्हती बापू. टाकली नवती." तो म्हणाला, "मालक उद्यापासून तुमची भाजी बंद करतीन." तू म्हणालीस, "मंग उद्यापासून आमी खाऊ." त्या वाड्यात तीस-चाळीस माणसं जेवत. आपली निम्मी टोपली तिथं खपायची. तो गेल्यावर मी चिडलो. "कावून माय? एका कुत्रीपायी एवढं गिऱ्हाईक घालवलं!" तू मला मारलं नाहीस. मेथीची जुडी बांधत, माझ्याकडं न पाहता म्हणालीस, "लोक तुले मामा म्हंतात न? मामा व्हाचं असंन त आधी भाऊ व्हा लागते." त्यानंतर कित्येक दिवस सकाळ-संध्याकाळ मेथी खाल्ली आपण. अजूनही ताटात मेथी आली की माझा घास अडखळतो.

पण माय, ती कुत्री होती. तिच्यामागं भावकी नव्हती, जातीतली चार माणसं नव्हती, धाकट्याची सोयरीक नव्हती. तू कुंपणाशी उभी राहिलीस, तेव्हा समोर एक दोरीवाला होता. माझ्यासमोर सोमवारी चुलतसासरा येईल, गोड बोलेल, पानसुपारी घेईल, आणि माझ्याच गादीवर बसून विचारेल, पोरगी तयार हाय न? तुला तरी काय सुचलं असतं? रात्रभर मी तुझ्याशी असा वाद घातला आणि दर वेळी हरलो.

सकाळी धनगर आला. म्हणाला, "शेटजी, एवढाली रुई डोळे मिटून घेता, अन पिल्लापाशी चार दिस लावले!" मी म्हटलं, "मादी ठेव." चुलीपाशी भांडं आपटलं. मुनीमजींनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मी भाकर आणि गूळ आणवला, पिल्लाच्या मायला स्वतःच्या हातानं घातला. धनगराला नवल वाटलं असेल. नर त्याच्या घोंगडीत बसून गेला. मादी दारात कुईकुई करत राहिली.

लेक बाहेर आली. पिल्लाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "कावून बाबा?"

मी म्हटलं, "नर हिंडत राह्यते. वखारीले मादी बरी." असं व्यापाऱ्याचं उत्तर दिलं.

ती पिल्लाशेजारी खाली बसली. मग विचारलं, "अन मी गेल्यावर इले कोण पाहीन?"

भर बाजारात समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ज्याचं उत्तर तयार असतं, तो मी. मी म्हटलं, "पाहू."

सौद्यातून सुटायचं असलं की आम्ही "पाहू" म्हणतो. हे तिलाही ठाऊक आहे, दलालाची लेक आहे ती. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता मागल्या अंगणात पिल्लासाठी गोणपाट दुमडून राहिली आहे, तो आवाज इथवर येतो. दुमडते, उलगडते, पुन्हा दुमडते.

सोमवारी काय म्हणायचं ते मला माहीत आहे. तिच्या चुलतसासऱ्याला म्हणायचं आहे, आणि त्याच्याही आधी तिला. तोंडातून निघत नाही, म्हणून आधी तुझ्यापाशी लिहून पाहावं, हात वळला की जीभही वळेल, म्हणून मी लिहायला बसलो होतो. मुनीमजी दोनदा हाक मारून गेले. कागद भरला, माय, पण ते वाक्य काही अजून यावर उतरलं नाही.