बाबांच्या आवाजाची टेप

दि. ६ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून नुसती धुमसते आहे. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन, त्यांची वाचा जाऊन दोन महिने होत नाहीत तोच प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तांनी त्यांची जुनी टेप लावायचं ठरवलंसुद्धा! ज्यांनी आयुष्यभर उभं राहून सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतली, त्यांनी आता मागच्या बाकावर बसून स्वतःचाच आवाज ऐकायचा?

प्रार्थना सादर कशी होते, हाच माझा अभ्यास. आमच्या गटात नाट्यवाले आहेत, संगीतवाले आहेत आणि वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई. त्या म्हणतात, बोलता न येणाऱ्याला कधी कधी गाता येतं. बाबांना डाव्या हाताने ठेका धरायला लाव आणि तू चाल सुरू कर. ते चिडतील. तू हटू नकोस.

माया आहेच, पत्रांतूनही येऊ दे.

तुझी,
चिमणी

दि. १९ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा आणि चिडणार नाहीत? पहिल्या दिवशी उशी फेकून मारली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बेसूर सुरुवात केली. ते काही त्यांना सहन होईना आणि पहिली ओळ तोंडून अख्खी बाहेर पडली! दोघंही रडलो. आता रोज बसतो. तिसरी ओळ मात्र अडते.

विश्वस्त येऊन गेले. म्हणाले, चारचौघांत फजिती कशाला, टेप सुरेख आहे. यांनी दाराकडे बोट दाखवलं. तेवढ्याला शब्द लागत नाहीत.

जपून राहा, आठवण काढत जा.

तुझी,
आई

दि. २४ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

बाई म्हणतात, अडले तर पुढचा शब्द सुचवू नका, थांबा. आमचे सर म्हणतात, बाबांच्या गाण्याचं चित्रण मागव, प्रबंधाला सोनं मिळेल. मी साफ नाही म्हटलं. बाबा म्हणजे काही आमचा नमुना नव्हेत. परीक्षा नसती तर धावत आले असते.

दोघांचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
चिमणी

दि. १ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काल प्रार्थनेला गेलो. टेप सुरू झाली होती. हे काठी टेकत पुढे गेले आणि बटण स्वतः बंद केलं. दोन ओळी झाल्या, तिसरी अडली. मी ओठ दाताखाली धरले. विश्वस्तांचा हात बटणाकडे गेला, तर शेजारी बसलेल्या शिंपीणकाकूंनी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. मी कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं, तरी एकानेही शब्द सुचवला नाही. यांची मान घामाने भिजली. मग आली ओळ. फाटक्या आवाजात, पण आली. पुढची सगळी प्रार्थना त्यांनीच म्हटली.

आमचा जीव तुझ्यात आहे, तुझाही इकडे असू दे.

तुझी,
आई

ता. क. बोलताना शब्द अजून चुकतात. घरी आल्यावर चहात ‘मीठ’ घाल म्हणाले. मी मुकाट्याने साखर घातली. पुढच्या खेपेलाही तेच उभे राहणार. विश्वस्तांना तसं कळवून टाकलंय.