आजी 'छान' म्हणाली त्याबद्दल

कास्तेल्लेत्तो, पार्मा
८ नोव्हेंबर १९६४

चिरंजीव इओले हिला,

आजीने डोक्यावरून हात फिरवून दिलेला आशीर्वाद. तो मिलानपर्यंत पोचेतो गार होईल, तर शेगडीशी बसून वाच. इकडे सगळे धडधाकट आहेत. माझा डावा गुडघा तेवढा नाही, पण तो माझं कधी ऐकतच नव्हता. धुकं असं पडलंय की परवा कुंपणाशी कोण उभा आहे म्हणून मी चांगल्या शिव्या घातल्या, आणि तो खांब निघाला. बिचाऱ्याने उलट उत्तर दिलं नाही. आपल्या घराण्यातला नसावा.

पत्र देल्मो न्हावी लिहून घेतोय. मागे पाद्रीबाबा लिहायचे, पण मी एक वाक्य सांगितलं की त्यात ते दोनदा देव घालायचे. देल्मो घालत नाही. त्याचा देव पार्म्याच्या ऑपेरा-थिएटरात सगळ्यात वरच्या गॅलरीत, लाकडी बाकावर बसतो. हे वाक्य त्याने तोंड वाकडं करून लिहिलं, पण लिहिलं.

शेजारच्या झेलिंदाच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरामुलगा चीजच्या कारखान्यात आहे, त्याच्या अंगाला वास येतो म्हणून ती लग्नाआधीच नाक मुरडते. मी म्हटलं, बाई गं, माझ्या नवऱ्याच्या अंगाला गोठ्याचा वास यायचा, आणि तो गेला तेव्हा मी त्याचं जाकीट धुवायला टाकलं नाही. यंदा डुक्कर चांगलं पोसलंय. नाताळला रश्श्यात सोडायच्या आनोलीनीला सारण घरचंच होईल.

"मावशी," देल्मो म्हणतोय, "तिने डुकराबद्दल विचारलं नव्हतं."

"तू न्हावी ना? मग माझ्या वाक्यांना कात्री लावू नकोस."

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. एवढंसं पत्र. देल्मोने दोनदा वाचलं, त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. आलं होतं. "आजी, त्या रविवारी तू मला छान का म्हणालीस? पार्म्याच्या थिएटरवाल्यांना अकरा तारखेआत, सान मार्तिनोच्या सणाआत कळवायचंय, डिसेंबरात हंगामाची सुरुवात मी करणार की नाही ते. तुझं उत्तर आल्याशिवाय मी सही करणार नाही."

आता 'छान' म्हटल्याचा जाब विचारणारी नात माझ्याच नशिबी यायची होती. लोकांच्या आज्या रोज उठून नातवंडांना छान म्हणतात. कुणी पत्र पाठवून कारण विचारत नाही.

पण तुझंही खरंच आहे. मी तुला कधी म्हटलं नव्हतं.

देवळात पहिल्यांदा एकटी गायलीस, तेव्हा सगळ्या बाया रुमालाआड डोळे पुसत होत्या आणि मी घरी येऊन म्हणाले, "तोंड एवढं उघडलंस की दुपारी काय जेवलीस ते दिसलं." मिलानला पहिल्यांदा मोठ्या थिएटरात गायलीस, वर्तमानपत्रांनी तुझ्या आवाजाला चांदणं, मध, रेशीम, काय काय म्हटलं. मी म्हटलं, केसांचा टोप म्हणजे डोक्यावर खुडूक कोंबडी. क्षयाने मरणाऱ्या त्या पोरीचं काम केलंस तेव्हा म्हणाले, मरायला टेकलेल्या बाईचे दंड इतके गुबगुबीत? तू हसून हसून लोळलीस, आणि भोवती उभ्या बड्या मंडळींना म्हणालीस, "आजीने नावं ठेवली. आता मला झोप लागेल."

त्या लोकांना वाटायचं, म्हातारी खवट आहे. काहींना वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून बोलते. मीही तसंच सांगायचे. म्हातारीला दृष्टीचं कारण फार सोयीचं असतं, त्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

त्या रविवारी खेळ संपल्यावर तुझ्या खोलीत किती फुलं होती. थिएटरचे ते गोल पोटाचे साहेब तुला 'दैवी' म्हणत होते, आणि म्हणताना घड्याळ बघत होते. तू आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होतीस. आरशातूनच मला विचारलंस, "काय आजी?" मी म्हटलं, "छान गायलीस गं बाळा." तुझा कापूस धरलेला हात गालावर तसाच राहिला. साहेबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "बघा, आजीबाईसुद्धा." आणि तू त्यांच्याकडे बघून इतकं गोड हसलीस की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

देल्मो, पाणी दे मला.

तर ऐक. तू चांगली गायचीस ना, तेव्हा मी मोकळी असायचे. आवाजाची काळजी नसायची, तो आपला आपण चालायचा, मग डोळे रिकामे. ते फिरायचे टोपावर, दंडांवर, तुझ्या जोडीदाराच्या आखूड पायांवर. नावं ठेवायला फुरसत लागते पोरी. त्या रविवारी मला फुरसत मिळाली नाही. तू काय घातलं होतंस, मला सांगता येणार नाही. झगा निळा होता की पांढरा? देल्मो म्हणतो पांढरा. असेल. मी पहिल्या अंकापासून खुर्चीचा हात धरून बसले होते, आणि तुझ्याबरोबर श्वास घेत होते, तुला कमी पडू नये म्हणून.

आणि शेवटच्या अंकातला तो वरचा सूर. पूर्वी तू तो असा ठेवायचीस, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं आणि हात कधी काढला ते त्याला कळू नये. त्या दिवशी मूल जागं झालं. थोडंसंच. तू लगेच सावरलंस, इतकी वर्षं गातेस, सावरता येतंच. पण मी ऐकलं, आणि तू ऐकलंस. नाहीतर तू मला कशाला विचारलं असतंस?

खोलीत आले तेव्हा नावं ठेवायला माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून छान म्हटलं.

इथे देल्मोने लेखणी खाली ठेवली. मी विचारलं, "का रे, शाई संपली?" त्याने भरलेली दौत दाखवली. मग विचारलं, "तू होतास ना त्या रविवारी वर, गॅलरीत? तुम्ही लोक एक सूर हलला तर शिट्ट्या मारता. जगाने डोक्यावर घेतलेल्या गायकांना तुम्ही रडवून स्टेशनावर पाठवलंय. त्या दिवशी का गप्प बसलात?"

म्हणाला, "तुम्ही खाली बसला होतात, मावशी."

"आणि डिसेंबरात?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "डिसेंबरात शिट्टी वाजेल. ती आमच्या गावची आहे म्हणून जास्तच वाजेल. तेव्हा आम्ही गप्प बसलो, तर इतकी वर्षं तिला वाजवलेल्या टाळ्या खोट्या ठरतील."

मला त्याच्या कानशिलात मारायची होती. पण हात उचलवेना, कारण मीही वर बसले असते तर हेच म्हणाले असते. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि अक्षर बिघडलं असेल तर त्याला क्षमा कर.

माझे वडील दुसऱ्याची जमीन करायचे, हे तू ऐकलंयस. सान मार्तिनोला करार संपले की ज्यांना मालक 'आता नको' म्हणायचा, ती माणसं बिऱ्हाड गाडीत घालून निघायची. एका वर्षी मालकाचा चेहरा बघून वडिलांनी ओळखलं. निरोप यायच्या आधीच त्यांनी गाडी भरली, बैल जुंपले, अंगण झाडलं, आणि मालकाच्या दारात जाऊन टोपी काढून म्हणाले, "येतो." आई गाडीत रडत होती. वडील रडले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं त्या मालकाचा मुनीम आमच्याकडे येऊन विचारायचा, परत याल का म्हणून.

थिएटरवाल्यांना काय कळवायचं ते मी सांगणार नाही. तुझा गळा आहे, सही तुझी. मला तर सहीसुद्धा करता येत नाही. एवढंच सांगते की तुला शिट्टी ऐकू आली, तर ती मलाही ऐकू येईल, आणि माझं वय आता ते ऐकण्याचं राहिलेलं नाही. हे मी तुला भीती घालायला म्हणत नाही. म्हणजे, थोडीशी घालतेच आहे.

त्यापुढे काय, असं तू विचारशील. मला माहीत नाही. लहानपणी आठवडाभर घसा बसला होता तेव्हा तू हातवारे करून बोलायचीस, आणि त्या आठवड्यात आपण दोघी जेवढ्या हसलो तेवढ्या नंतर कधी हसलो नाही. मिलानला बसून चार भिंतींकडे बघू नकोस. गाडीत बस आणि ये. इथे तुला कुणी गा म्हणणार नाही. देल्मोला मी ताकीद दिली आहे. तो मान हलवतोय, डोळे मात्र पुसतोय, तिकडे बघू नये.

तू गायला लागलीस त्याच्याही आधीपासून तुझी,

आजी आर्जिया